नदीकाठची चाकरी

पहाटे कुरुंदवाडच्या घाटावर उभे राहिले असता पंचगंगेच्या पैलतीरावरून नरसोबाच्या वाडीच्या काकड आरतीचा घंटानाद कानी येतो, आणि मागे वळून गावाकडे पाहिले तर अभ्यासिकेच्या खिडक्यांतून केव्हाचे जळत असलेले दिवे दिसतात. ऊसकऱ्यांची, विणकरांची, शेतमजुरांची मुले आणि मुली तेथे भिंतीकडे तोंड करून वाचीत बसलेली असतात. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, मागील परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आणि कोणा यशस्वी उमेदवाराचे वर्तमानपत्रातून कापलेले छायाचित्र चिकटवलेले असते. त्यांच्या परिश्रमांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु त्यांच्यातीलच एका कृषी पदवीधर मुलाला, ज्याच्या घरची पावणेदोन एकर मळी नदीलगत आहे आणि ज्याने लहानपणापासून तीन महापूर डोळ्यांनी पाहिले आहेत, मी गेल्या महिन्यात सहज विचारले, की तू कृषी सेवेची तयारी करतोस ना? तो म्हणाला, "नाही काका, शेती खातं म्हंजे शेवटचा नंबर. दुसरं काही नाही लागलं तर जाऊ. त्याच्यासाठी कोण जीव काढतंय?"

त्या मुलाचा यात काही दोष नाही. घरी, दारी आणि लग्नाच्या बैठकीत त्याने जे ऐकले तेच तो बोलला. तहसीलदार म्हटले की पाहुणे खुर्ची पुढे करतात, फौजदार म्हटले की आवाज खाली येतो, आणि कृषी सहायक, पशुधन पर्यवेक्षक, अन्न सुरक्षा अधिकारी किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा क्षेत्र अधिकारी म्हटले, की "म्हणजे नक्की काय?" हा प्रश्न येतो. तथापि ज्या गावाच्या तीन बाजूंना पाणी चढते, ज्याच्या शिवारातील माती मिठाने पांढरी होत चालली आहे, ज्याच्या नदीला वरच्या दोन मोठ्या शहरांचे सांडपाणी पोसावे लागते आणि ज्याच्या शेजारच्या क्षेत्री हजारो यात्रेकरू रोज बासुंदी व पेढे प्रसाद म्हणून घेऊन जातात, त्या गावाला सर्वांत हुशार मुलांची गरज नेमकी याच दुय्यम मानलेल्या जागांवर आहे, असे माझे ठाम मत आहे. आणि ते मी आज पूर्ण गांभीर्याने वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

जमीन, पाणी व अन्न यांच्या सरकारी चाकरीचा दरवाजा आपल्याकडे सामान्य रयतेला फार उशिरा उघडला, हे या पिढीला ठाऊक असणे अगत्याचे आहे. गावचे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरी, गावचा अंमल पाटलाच्या वाड्यात आणि दोन्हीही वतनाने, म्हणजे बापाकडून मुलाकडे, अशी ती व्यवस्था होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या अज्ञानावर पोसल्या जाणाऱ्या नोकरशाहीची चिरफाड केली आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवून शहाणे करण्याचा आग्रह धरला. पुढे करवीर राज्यात शाहू छत्रपतींनी १९१८ साली कुलकर्णी वतन बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा सातबाराची लेखणी प्रथमच जन्माच्या हक्काने नव्हे तर शिक्षणाच्या हक्काने हाती येऊ लागली. आमचे कुरुंदवाड त्या काळी पटवर्धनांचे निराळे संस्थान होते. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले, आणि पाटीलकीचे वतन तर १९६२ च्या कायद्याने गेले. म्हणजे ज्या जागेला आज आमची मुले शेवटचा नंबर देतात, ती जागा त्यांच्या पणजोबाला मागूनही मिळाली नसती.

आता पाण्याकडे वळू, कारण आमच्या गावात कोणताही विचार पाण्यापाशी येऊनच थांबतो. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की एकेक उघडतो आणि प्रत्येकातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी भोगावतीत उतरते. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. खाली कुरुंदवाडला कृष्णेवर आणि लगतच्या तेरवाडला पंचगंगेवर केंद्रीय जल आयोगाची मोजणी ठाणी आहेत. पुराच्या दिवसांत तेथील मनुष्य दर तासाला मोजपट्टी वाचतो. पाऊस आडवा मारत असतो, वीज गेलेली असते, विजेरीच्या उजेडात पट्टीवरचा लाल-पांढरा आकडा लाटेखाली जातो आणि वर येतो. दोन लाटांच्या मधली खरी पातळी कोणती, हे त्याने क्षणभर श्वास रोखून ठरवायचे असते. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने आमच्याकडे पाणी तुंबते की नाही, यावर दोन राज्यांचे मंत्री आणि वकील वर्षानुवर्षे वाद घालीत आले आहेत. २०१९ च्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीनेही पुराच्या कारणांची छाननी केली. या साऱ्या थोर वादविवादाचा पाया म्हणजे त्या भिजलेल्या मनुष्याच्या वहीतील तासागणिक आकडे. तो आकडा चुकला तर पुढचे सर्व विद्वत्तापूर्ण अहवाल चुकतात.

याच तेरवाडच्या बंधाऱ्यावर आणखी एक काम चालते, आणि ते जवळून पाहण्याची संधी मला एकदा मिळाली. नदीतील विरघळलेला प्राणवायू मोजण्यासाठी नमुना घेणाऱ्या एका तरुणाने तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्यात तिरपी बुडवून, एकही बुडबुडा आत राहणार नाही अशा बेताने भरली. मग पिचकारीने त्यात आधी एक आणि मग दुसरे रसायन सोडले, बूच लावले, बाटली अनेकदा उलटसुलट केली आणि ती कठड्यावर ठेवून तो शांत बसला. मी विचारले, आता काय? तो म्हणाला, पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसेल, अजिबात नसेल तर पांढरा. आम्ही दोघेही वाकून पाहत राहिलो. हळूहळू साका खाली बसला, आणि तो दुधासारखा पांढरा होता. मासे तगायला लिटरमागे निदान चार-पाच मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. त्या बाटलीत तो नव्हताच. त्या तरुणाने काहीही भाष्य केले नाही, वहीत वेळ, तापमान आणि जागा लिहिली, व दुसरी बाटली भरायला पायऱ्या उतरला.

तेरवाडला मासे मरून तरंगू लागले म्हणजे गावोगावचे लोक संतापून बंधाऱ्यावर जमतात, अधिकाऱ्याला जाब विचारतात, आणि तो संताप रास्तच आहे. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची जी साथ आली, तिने दूषित पाणी म्हणजे काय हे सबंध जिल्ह्याला दाखवून दिले. परंतु १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने न्यायालयात उभा राहील असा नमुना घेण्याची रीत फार काटेकोर ठेवली आहे: कारखान्याच्या माणसाला नोटीस द्यावी लागते, नमुन्याचे भाग करावे लागतात, ते त्याच्यासमक्ष मोहोरबंद करावे लागतात, यातील एक पायरी हुकली तर तो नमुना पुरावा म्हणून टिकत नाही. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले, कायदे आहेत, निकष आहेत, दंड आहेत. आणि हे सारे शेवटी, भर दुपारी नाल्याच्या काठी दुर्गंधीत उभ्या असलेल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या अचूकपणावर आणि निर्भयपणावर अवलंबून आहे. घोषणा देणारे शंभर जण मिळतात. त्या काठी बिनचूक नमुना घेऊन, कोणाचाही दूरध्वनी आला तरी मोहोर न फोडणारा एक जण मिळणे दुर्घट असते.

मातीचीही कथा याहून वेगळी नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठची आमची काळी जमीन एके काळी ज्वारी, हरभरा आणि वांग्यांसाठी नावाजलेली होती. उपसा सिंचनाने ऊस आला, घरात पैसा आला, माडी चढली. परंतु भारी जमिनीला निचरा नसता अतोनात पाणी पाजल्याने खालचे क्षार वर आले, आणि कित्येक एकरांवर सकाळी दहिवर पडावे तसे पांढरे मीठ दिसू लागले. शेतकऱ्याने अधिक खत घातले, अधिक पाणी दिले, आणि जमीन अधिकच बिघडली. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून क्षारपड जमिनी पुन्हा वहितीखाली आणण्याचा जो उद्योग केला, तो महाराष्ट्राने अभ्यासावा असा आहे. पण या कामात एक अट आहे. पाइप एका खातेदाराच्या शेतातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या शेतातून तिसऱ्याच्या, असे उताराने ओढ्यापर्यंत न्यावे लागतात. म्हणजे भावकीतील भांडण, बांधावरचा दावा आणि सातबारावरील जुना फेरफार या सर्वांतून वाट काढीत न्यावे लागतात. त्यासाठी मातीची क्षारता मोजता येणारा, जिप्सम कोणत्या जमिनीला द्यावे आणि कोणत्या जमिनीला निचराच हवा हा भेद सांगू शकणारा, आणि सहा भावांना एका बांधावर बसवून समजावू शकणारा माणूस हवा. अशा माणसाचे पद कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याच्या पदाइतकेच मोठे आहे, असे मी समजतो.

याचा एक जुना दाखला देतो. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झालेले डॉ. हॅरल्ड मॅन हे परकी गृहस्थ, हुद्द्याने केवढे मोठे! पण पिंपळे सौदागर या गावी त्यांनी शेताचे तुकडे आणि घराघरांचे कर्ज एकेक करून मोजले आणि १९१७ साली ते ग्रंथरूपाने मांडले. महाराष्ट्राच्या खेड्याचे अर्थशास्त्र त्या पायपिटीतून लिहिले गेले. आज आपल्याकडे राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी अशी चार कृषी विद्यापीठे आहेत, कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय १९६३ पासून चालू आहे. तेथून पदवी घेतलेला मुलगा बांधावर जाण्यात कमीपणा मानू लागला, तर त्याला तसे वाटायला कोणी शिकवले, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करायला हवा.

अन्नाविषयी थोडेच लिहितो. वाडीच्या पेठेत बासुंदीच्या कढया दिवसभर आटत असतात, आणि सणावाराला खव्याची मागणी इतकी वाढते की बाहेरगावाहून माल येतो. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन ५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा अमलात आला. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो, दुधासारख्या नाशवंत पदार्थात तो टिकावा म्हणून फॉर्मेलिनचे मोजके थेंब घालतो, कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, लाखेची मोहोर उठवतो. यात प्रामाणिक हलवायाचेही रक्षण आहे, हे आमचे व्यापारी बंधू पुष्कळदा विसरतात. शेजारच्या भेसळवाल्याने भाव पाडला तर जो खरे दूध आटवतो तोच पहिल्यांदा दुकान बंद करतो.

आणि पंचनामा! या शब्दाचा अर्थ पुरात सापडलेल्यालाच कळतो. एका जुन्या पुरात आमच्या गल्लीचा पंचनामा एका कर्मचाऱ्याने, घरांत पाऊलही न टाकता, एका ओट्यावर बसून विचारून विचारून लिहिला. माझ्या शेजारच्या विधवेची पडलेली मागील भिंत त्यात आलीच नाही, आणि ती वर्षभर कचेरीत खेटे घालीत राहिली. २०१९ साली पाणी ओसरल्यावर मात्र एक तरुण तलाठी बाई आल्या. गुडघाभर गाळ होता. त्यांनी चपला हातात घेतल्या, साडीचा पदर खोचला, आणि प्रत्येक घरात शेवटच्या खोलीपर्यंत गेल्या. भिंतीवरची ओलीची रेघ त्यांनी टेपने मोजली, कणगीत हात घालून कुजलेले जोंधळे बाहेर काढून पाहिले. एका आजीने म्हैस वाहून गेल्याचे सांगितले, पण दाखला काय देणार? तेव्हा त्या बाई गोठ्यात गेल्या, दावणीचा तुटलेला दोर त्यांनी पाहिला, शेजारच्या तिघांचे जबाब घेतले आणि तेथेच कागदावर सह्या घेतल्या. "आज्जी, तुमचं लिहिलंय बघा, वाचून दाखवू का?" असे त्यांनी विचारले आणि खरोखरच वाचून दाखवले. सरकार म्हणजे काय असते आणि कसे असावे, हे त्या आजीला ऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्या दिवशी प्रथम समजले असावे.

असे कर्मचारी घडावेत यासाठी आपण काय करतो, हे पाहू गेल्यास चित्र खेदजनक आहे. २०२३ साली तलाठ्यांच्या ४६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात उमेदवार रस्त्यावर बसले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत कृषी सेवेच्या २५८ जागा राज्यसेवेच्या परीक्षेत समाविष्ट कराव्यात ही एक प्रमुख मागणी होती. परीक्षा पुढे ढकलावी लागली. मला त्या घटनेत एक आशादायक गोष्ट दिसली. कृषी खात्याच्या जागांसाठी महाराष्ट्राची मुले भर पावसात रस्त्यावर बसायला तयार होती! जागा दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या संख्येने निघाल्या असत्या तर त्यांना तसे बसावे लागले नसते. अलीकडे ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी असे म्हणू लागले आहेत. नावाने मान वाढत असेल तर आनंदच आहे. पण त्या अधिकाऱ्याला बसायला जागा, फिरायला वाहनभत्ता, वेळच्या वेळी माती-पाणी तपासण्याची साधने आणि निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणे, भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे यांतून सुटून शिवारात जायला मोकळे दिवस मिळाले, तर तो मान अधिक टिकाऊ होईल. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपली पीक पाहणी आपणच नोंदवावी, अशी सोय झाली आहे. ती उपयुक्त आहे, यात वाद नाही. मात्र पीक पाहण्याचा अर्थ छायाचित्र काढणे एवढाच नाही, आणि उसाच्या शेंड्यातली पोंगेमर ओळखणारा डोळा यंत्रात अजून आलेला नाही.

पालक विचारतील, या चाकरीत प्रतिष्ठा काय, बढती काय, बदल्यांचा जाच किती, आणि वरून दडपण आले तर मुलाने काय करायचे? हे प्रश्न खरे आहेत. बढती सावकाश मिळते, दडपण येते, खरा नमुना घेणाऱ्याची बदली झाल्याच्या कथाही आपण ऐकतो. माझे उत्तर एवढेच आहे, की ही दडपणे फौजदारावर आणि तहसीलदारावरही येतात, तेथे मात्र आपण मुलाला जाऊ नको म्हणत नाही. शिवाय ज्या गावात लोक त्या अधिकाऱ्याच्या पाठीशी उभे राहतात, तेथे त्याची बदली करणे सोपे नसते, ही गोष्ट आपल्याच हातची आहे. बंधाऱ्यावर जाब विचारायला जमणाऱ्या शंभरांतील दहा जण तरी, नमुना घेताना पंच म्हणून सही करायला पुढे आले पाहिजेत. आमच्याकडे पंचाची सही करायला माणूस मिळत नाही, ही गोष्ट मी शरमेने लिहितो.

शाळांनी आणि महाविद्यालयांनीही यात हात घालावा. घाट आमच्या दाराशी आहे, बंधारा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. विज्ञानाच्या वर्गातील मुलांना वर्षातून चार वेळा तेथे नेऊन प्राणवायूची ती साधी चाचणी त्यांच्याकडून करवून घेतली, आणि तिचे आकडे शाळेच्या फलकावर लावले, तर दहा वर्षांत या गावाकडे नदीची स्वतःची नोंदवही तयार होईल, आणि कोणत्या मुलाला या कामाची ओढ आहे हेही कळेल.

ज्यांची मुले सध्या अभ्यासिकेत बसतात, त्या आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे. अर्जात पसंतीक्रम भरण्याची वेळ येईल तेव्हा मुलाला एकदा तेरवाडच्या बंधाऱ्यावर घेऊन जा, पाणी अडवणारे बरगे काढलेले असोत की घातलेले, आणि पाण्याकडे पाहायला सांगा. मग त्याने जो क्रम लिहायचा तो लिहावा. आणि उद्या तो कृषी खात्यात, पशुसंवर्धनात, अन्न प्रशासनात किंवा प्रदूषण मंडळात रुजू झाला, तर गावच्या पारावर त्याचाही सत्कार फौजदाराच्या सत्काराइतकाच मोठा करा.